काटा

संस्थेची पोरं पनवेलहून पडदा घेऊन आली.
पडदा म्हणजे मंडपवाल्याचं पांढरं कापड,
एका कोपऱ्यात कुणाच्या तरी हळदीचा डाग.
बोर्लीच्या शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवले.
सुरूच्या बनातून वारा सुटला की
अमेरिका पोटातून फुगायची.

बाबा पुढे बसला, उकिडवा.
खुर्ची दिलेली, तिच्यावर त्याने टोपी ठेवली.
सिनेमा इंग्रजी, खाली हिंदी अक्षरं पळत होती,
मी ती धरून धरून त्याच्या कानात
आपल्या बोलीत सोडत होते,
चिखलातली निवटी धरावीत तशी.
निम्मी निसटली.

कापसाचं रान. नजर जाईल तिथवर वाकलेल्या पाठी.
घोड्यावर एक माणूस.
चाबूक आला तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले,
संस्थेच्या मुलीने डोळे मिटले.
बाबा विडीची राख बघत राहिला.

मग पडद्यावर संध्याकाळ झाली.
टोपल्या रांगेने आल्या, एकेक काट्याला लागली,
तेव्हा तो पहिल्यांदा पुढे सरकला.
"त्या गोऱ्याचा हात बघ. पारड्याखाली बघ.
काटा मारतोय."
म्हटलं, तसं काही दाखवलेलं नाही.
"दाखवत्यात कुठं," म्हणाला.

अकरा हंगाम तो कोळशाच्या भट्टीवर होता,
घाटापलीकडे, त्याला पाटी वाचता न आलेल्या गावात.
दिवाळी सरली की टेंपो यायचा.
उचल आधीच खाऊन झालेली:
दोन हजार, एक पातळ, सुक्या बोंबलांची जुडी.
शिमग्यानंतर पोती मोजून हिशेब व्हायचा,
आणि आम्हीच मुकादमाचं देणं निघायचो.
वहीत लिहिलेलं: गोमा कातकरी, जोडी एक.
जोडीतली दुसरी माझी आई. बुधी.
तिचं नाव वहीत नव्हतं, त्यामुळे
नवव्या हंगामात ती तापाने गेली
तेव्हा वहीत काही खोडावं लागलं नाही.
जोडी एकच राहिली.
दुसरी मी. मी आठ वर्षांची होते.

सिनेमातली बाई पळाली.
गुडघाभर दलदल, मागे कुत्री, चंद्र नको इतका मोठा.
"पाय उचलून टाकतीय येडी," बाबा पुटपुटला,
"गाळात पाय ओढत न्यायचा, आवाज होत नाय."

हे त्याने मला कधीच सांगितलेलं नव्हतं.
मला फक्त त्याचा खांदा आठवतो, कोळशाच्या वासाचा,
माझ्या हातात त्याच्या चपला,
आणि ओढ्याच्या पाण्यात तो न वाजणारा बाबा.
कुत्री नव्हती.
वर रस्त्याला मोटारसायकलचा दिवा
जायचा, परत यायचा.

शेवटी ती बाई एका टेबलापुढे उभी राहिली,
पलीकडे टाक धरलेला कारकून. ती काहीतरी बोलली.
"काय म्हणाली?"
नाव सांगितलं तिनं, मी म्हटलं.
"लिहिलं का त्यानं?"
तोवर पडदा काळा झाला होता
आणि खालून नावंच नावं चढत होती,
पांढरी, भराभर, शेकडो,
हळदीच्या डागावरून वर जाऊन नाहीशी होत होती.
"लिहिलं," मी म्हणाले.

मग माईक आला. काका, कसं वाटलं, दोन शब्द.
त्याने तो बॅटरीसारखा धरला, आधी जमिनीकडे,
मग म्हणाला,
"ओहोटी लागली. खेकडे निघतील. जातो मी."
लोक हसले. टाळ्याही पडल्या.

सकाळी दिवेआगरला
रिसॉर्टवाल्याने खेकडे काट्यावर ठेवले.
लाल आकडे थरथरले, थांबले.
बाबा कंबरेतून वाकला,
काट्याखाली बघू लागला.
"अहो, डिजिटल आहे हा," रिसॉर्टवाला म्हणाला.
"असू दे," बाबा खालूनच बोलला,
आणि बघत राहिला.